राज्य बदलल्यावर आजीवन शिकार परवान्याचे लाभ कसे टिकवावेत

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना नोकरीनिमित्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवण्याची आता सवय झाली आहे. घर, मुलांच्या शाळा, गाडीची नोंदणी, विमा, डॉक्टर यांची यादी सामान बांधण्याच्या कितीतरी आधी तयार होते; पण काही वर्षांपूर्वी पाचशे-हजार डॉलर भरून घेतलेला आणि नंतर कपाटातल्या एखाद्या फाइलीत पडून राहिलेला आजीवन शिकार परवाना त्या यादीत बहुधा नसतो. नव्या राज्यातला पहिला हंगाम तोंडावर आला की त्याची आठवण होते, आणि मग प्रश्न पडतो की आपण जुन्या राज्याचे रहिवासीच उरलो नाही, तर तो परवाना चालेल का? आजीवन परवाना विकणाऱ्या अनेक राज्यांत तो चालतो. मात्र परवाना चालणे आणि त्याच्याबरोबरचे सगळे लाभ पूर्वीच्याच दराने मिळत राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की पैसे तर जातातच, प्रसंगी गुन्हाही पदरात पडतो.

ज्यांनी असा परवाना घेतला आहे आणि आता राज्य सोडायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख प्रामुख्याने लिहिला आहे. परवाना घेण्याच्या विचारात असलेल्यांनाही तो उपयोगी पडावा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची वाट जवळपास बंद केली, त्यामुळे शिकारीचा परवाना ही कल्पनाच आपल्यापैकी बहुतेकांना इथे आल्यावर प्रथम भेटते. पुष्कळजण मुळात मासेमारीच्या ओढीने या वाटेला लागतात. लहानपणी कोकणात खाडीच्या काठी गळ टाकून बसलेला माणूस फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ राहायला गेला, की मासेमारी आणि शिकार दोन्हींचा मिळून असलेला आजीवन परवाना त्याला सोयीचा वाटतो. खाली जे लिहिले आहे ते मुख्यतः शिकारीविषयी असले, तरी अशा संयुक्त परवान्यालाही ते बहुतांशी लागू पडते.

आधी तीन थर वेगळे करा

अमेरिकेत शिकारीची कायदेशीर परवानगी एकाच कागदाने मिळत नाही, ती थराथराने मिळते. पहिला थर मूळ परवान्याचा असतो. हा परवाना राज्याचे वन्यजीव खाते देते आणि तो व्यक्तीच्या नावावर असतो. दुसरा थर टॅग, परमिट आणि राज्याच्या स्टॅम्पांचा (ठरावीक शिकारीसाठी जादा शुल्क भरल्याच्या तिकिटांचा). हरीण, एल्क (हरणाच्या कुळातला मोठा प्राणी) किंवा टर्की पक्षी मारायचा असेल, तर त्यासाठी त्या हंगामापुरता टॅग, म्हणजे तो मारण्याच्या परवानगीची चिठ्ठी, लागतो, आणि काही राज्यांत तो सोडतीत निघावा लागतो. तिसरा थर संघीय सरकारचा असून तो मुख्यतः स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांसाठी आहे.

‘आजीवन’ हा शब्द नेहमी पहिल्या थराला लागू असतो. दुसरा थर त्यात येतो की नाही, हे प्रत्येक राज्याने आणि परवान्याच्या प्रत्येक प्रकाराने वेगवेगळे ठरवले आहे. तिसरा थर त्यात कधीच येत नाही, कारण राज्याच्या परवान्याने संघीय शुल्क माफ होत नाही.

या तीन थरांना छेद देणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तुमचे रहिवासीपण. परवाना माणसाबरोबर प्रवास करतो. रहिवासीपण पत्त्याबरोबर बदलते. तुम्ही राज्य सोडता त्या दिवशी तुमचा आजीवन परवाना रद्द होत नाही, पण यापुढे जे जे नव्याने विकत घ्याल किंवा ज्याच्यासाठी अर्ज कराल, त्या प्रत्येक वेळी तुम्ही ‘अनिवासी’ असता.

रहिवाशाला स्वस्त आणि बाहेरच्याला महाग हा भेद न्याय्य आहे का, असे अनेक नवागत विचारतात. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मोंटाना राज्यात १९७६ साली रहिवाशाला केवळ एल्कच्या शिकारीचा परवाना ९ डॉलरला मिळत असे, तर बाहेरच्या माणसाला एल्क मारायचा असेल तर २२५ डॉलरचा एकत्रित परवानाच घ्यावा लागे. ‘बाल्डविन विरुद्ध मोंटाना फिश अँड गेम कमिशन’ या खटल्यात १९७८ साली न्यायालयाने निर्णय दिला की हौसेखातर केलेली एल्कची शिकार हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही आणि असा भेद करण्याची राज्यांना मुभा आहे. पुढे २००५ साली संसदेनेही कायदा करून राज्यांचा हा अधिकार पुन्हा स्पष्ट केला. म्हणून ‘मी इतकी वर्षे इथे कर भरला’ या युक्तिवादाचा खिडकीवर काहीही उपयोग होत नाही. तुमच्या हातात असते ती फक्त राज्याच्या नियमातली अक्षरे.

पहिली पायरी : आपल्या राज्याचा नियम नेमका कोणता, ते शोधा

घर सोडण्याच्या किमान दोन महिने आधी आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या नियमांत आजीवन परवान्याचे कलम उघडून वाचा. ढोबळ मानाने राज्यांचे दोन गट पडतात.

पहिल्या गटात परवाना राज्याबाहेर गेल्यावरही तसाच चालू राहतो. फ्लोरिडा, जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना आणि न्यू यॉर्क ही या गटातली ठळक नावे. फ्लोरिडाचा ‘गोल्ड स्पोर्ट्समन’ हा आजीवन परवाना ४ वर्षांपर्यंतच्या बालकासाठी ४०१.५० डॉलर, ५ ते १२ वर्षांसाठी ७०१.५० डॉलर आणि १३ वर्षांपासून पुढे १,००१.५० डॉलर या दराने मिळत आला आहे. त्यात शिकार, गोड्या पाण्यातली आणि समुद्रातली मासेमारी, आणि शिवाय हरीण, टर्की, धनुष्यबाण, राज्याचा रानबदकांचा परमिट असे बरेचसे दुसऱ्या थरातले कागदही समाविष्ट आहेत. राज्य सोडलेल्या माणसाच्या दृष्टीने हा परवाना अतिशय मोलाचा आहे. कारण फ्लोरिडात अनिवासी माणसाला नुसत्या वार्षिक शिकार परवान्यासाठी १५१.५० डॉलर मोजावे लागतात. म्हणजे दरवर्षी एकदा जरी जुन्या मित्रांकडे शिकारीला जायचे ठरवले, तरी सात हंगामांत मूळ रक्कम वसूल होते.

न्यू यॉर्कमध्ये शिकार, मासेमारी आणि टर्की यांचा मिळून असलेला आजीवन परवाना १२ ते ६९ वर्षांच्या रहिवाशाला ७६५ डॉलरला, तर सत्तरी गाठलेल्याला ६५ डॉलरला मिळतो. तिथे अनिवासी शिकाऱ्याचा वार्षिक परवाना १०० डॉलरचा आहे आणि धनुष्यबाण व मझल-लोडर (नळीच्या तोंडातून ठासायची) बंदूक यांच्या विशेष हंगामांचे शुल्क वेगळे. आजीवन परवाना घेताना धनुष्यबाणाचा आजीवन हक्क घेतला नसेल, तर राज्य सोडण्यापूर्वी तो घ्यावा का, याचा विचार तुम्ही रहिवासी आहात तोवरच करायला हवा. नंतर ही संधी राहत नाही, कारण आजीवन परवाने बहुतेक राज्ये फक्त रहिवाशांना विकतात.

दुसऱ्या गटात मूळ परवाना चालू राहतो, पण टॅग, परमिट आणि स्टॅम्प अनिवासी दराने घ्यावे लागतात. ॲरिझोना आणि आयडाहो ही याची उदाहरणे. पश्चिमेकडच्या राज्यांत खरा खर्च टॅगवरच होत असल्यामुळे हा फरक मोठा आहे. ॲरिझोनाविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

याखेरीज ज्येष्ठ नागरिक, माजी सैनिक आणि अपंग व्यक्तींना मिळणारे सवलतीचे किंवा विनामूल्य आजीवन परवाने पूर्ण किंमत भरून घेतलेल्या परवान्यांसारखेच वागतील असे गृहीत धरू नये. त्यांच्या अटी वेगळ्या कलमात असतात. आपल्या कार्डावरचा प्रकार पाहून तेच कलम वाचावे.

राज्ये हा शब्द का पाळतात, हेही समजून घेणे उपयोगाचे आहे. आजीवन परवान्याची रक्कम अनेक राज्ये स्वतंत्र निधीत ठेवतात आणि त्याचे उत्पन्न वर्षानुवर्षे वन्यजीवांच्या कामी वापरतात. नॉर्थ कॅरोलायनाने असा निधी १९८१ साली उभारला. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि दारूगोळ्यावरच्या कराचे पैसे राज्यांत वाटले जातात, तेव्हा राज्याच्या क्षेत्रफळाबरोबर तिथल्या परवानाधारकांची संख्याही हिशेबात धरली जाते. तुम्ही दूर गेलात तरी खात्याच्या दृष्टीने तुमची नोंद महत्त्वाची असते. म्हणून पत्र लिहून माहिती विचारण्यात संकोच बाळगू नये.

दुसरी पायरी : लेखी उत्तर आणि कागदपत्रे जमवा

नियम वाचून झाला की खात्याच्या परवाना विभागाला ईमेलने तीन प्रश्न विचारा : मी अनिवासी झाल्यावर माझा परवाना वैध राहील का; त्यात समाविष्ट असलेले टॅग आणि परमिट मला पूर्वीप्रमाणेच मिळतील का; आणि समाविष्ट नसलेले टॅग मला कोणत्या दराने घ्यावे लागतील. फोनवर मिळालेले उत्तर चुकीचे असू शकते आणि ते देणाऱ्याचे नाव चार वर्षांनी आठवत नाही. ईमेलचे उत्तर छापून परवान्याच्या पावतीसोबत ठेवा.

त्याच फाइलीत पाच गोष्टी असाव्यात : परवान्याचे मूळ कार्ड, त्यावरचा ग्राहक क्रमांक वेगळ्या कागदावर, खरेदीची पावती, खरेदीच्या वेळी तुम्ही रहिवासी होता याचा पुरावा आणि हंटर एज्युकेशनचे, म्हणजे शिकाऱ्यांसाठीच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचे, प्रमाणपत्र. हे शेवटचे प्रमाणपत्र लोक हमखास हरवतात. एका राज्यात पूर्ण केलेले हंटर एज्युकेशन इतर राज्ये मान्य करतात. ते जवळ असेल तर नव्या राज्यात पुन्हा वर्ग करावा लागत नाही. आजीवन परवाना आहे म्हणून या शिक्षणातून सूट मिळते असेही नाही. फ्लोरिडात १ जून १९७५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना, तर टेक्ससमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हे प्रशिक्षण लागते. बाळाच्या नावाने परवाना घेऊन ठेवलेल्या पालकांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

न्यू यॉर्कच्या परवानाधारकांसाठी इथे एक महत्त्वाची सूचना आहे. त्या राज्यात आजीवन परवान्याचे चिन्ह वाहनचालक परवान्यावरच छापून घेण्याची सोय आहे. राज्य बदलल्यावर नव्या राज्याच्या वाहन खात्यात जुना चालक परवाना जमा करावा लागतो, आणि त्याच्याबरोबर ते चिन्हही जाते. आजीवन हक्क वन्यजीव खात्याच्या नोंदीत सुरक्षित असतो, पण रानात वनरक्षकाला दाखवायला हातात काही उरत नाही. म्हणून चालक परवाना जमा करण्यापूर्वी खात्याकडून स्वतंत्र कार्ड मागवून घ्या.

तिसरी पायरी : पत्ता बदला, आणि रहिवासी असल्याचे भासवू नका

नव्या घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यातच जुन्या राज्याच्या वन्यजीव खात्याला नवा पत्ता कळवा. टपाल खात्याला कळवलेला पत्ताबदल यासाठी पुरेसा नाही. न्यू यॉर्कमध्ये आजीवन परवानाधारकाला हंगामापूर्वी हरणांचे टॅग टपालाने घरी येतात. मी तिथून निघालो त्या वर्षी ही एक नोंद करायची माझ्याकडून राहून गेली. टॅग जुन्या पत्त्यावर गेले आणि नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी, विमानाचे तिकीट हातात असताना, मला ते पुन्हा छापून घेण्यासाठी अर्धा दिवस घालवावा लागला. परवाना आजीवन असला तरी टॅग दरवर्षी नवे असतात. टेक्ससमध्येही आजीवन परवानाधारकाला दर हंगामाचे टॅग नव्याने घ्यावे लागतात, आणि तिथले परवाना-वर्ष १ सप्टेंबरला सुरू होऊन ३१ ऑगस्टला संपते.

पत्ता बदलण्यात काहींना भीती वाटते. नवा पत्ता कळवला तर खाते आपल्याला अनिवासी ठरवील आणि टॅग महाग होतील, म्हणून ते जुन्या घराचा किंवा एखाद्या नातेवाइकाचा पत्ता तसाच ठेवतात. हे कृपया करू नका. टॅग घेताना किंवा सोडतीचा अर्ज भरताना तुम्ही रहिवासी असल्याचे प्रतिज्ञापूर्वक सांगत असता, आणि ते खोटे ठरले तर तो राज्याचा गुन्हा होतो. त्या टॅगवर मारलेल्या हरणाचे मांस राज्याची सीमा ओलांडून घरी नेले, तर बेकायदा मारलेल्या वन्यजीवांची ने-आण रोखणाऱ्या १९०० सालच्या लेसी कायद्याखाली प्रकरण संघीय पातळीवर जाऊ शकते. शिवाय बहुतेक सर्व राज्ये परस्परांच्या शिकार-बंदीचे आदेश मानणाऱ्या आंतरराज्य करारात सामील आहेत. एका राज्याने परवाना निलंबित केला तर नव्या राज्यातही शिकार बंद होते. चाळीस-पन्नास डॉलर वाचवताना हजार डॉलरचा आजीवन परवाना धोक्यात घालण्यात शहाणपण नाही.

जुन्या राज्यात शेतजमीन किंवा घर मालकीचे आहे, त्याचा मालमत्ता कर भरतो, म्हणून आपण रहिवासी आहोत असाही एक समज आढळतो. मालमत्ता असणे आणि रहिवासी असणे या सर्वसाधारणपणे वेगळ्या गोष्टी आहेत. लष्करात कार्यरत असलेल्यांना आणि परराज्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र अनेक राज्ये सवलत देतात. घरातले मूल कॉलेजसाठी बाहेर गेले असेल तर त्याचे नाव लगेच अनिवाशांत ढकलण्याआधी हा नियम पाहा.

चौथी पायरी : सोडत आणि बोनस पॉइंट सांभाळा

पश्चिमेकडच्या राज्यांतून निघणाऱ्यांनी ही पायरी सर्वांत काळजीपूर्वक वाचावी. ॲरिझोनाचेच उदाहरण घेऊ. तिथे एल्क आणि बहुतेक हरणांचे टॅग सोडतीने मिळतात. सोडतीत निवड न झालेल्या प्रत्येक वर्षी अर्जदाराच्या नावावर एक बोनस पॉइंट जमा होतो, आणि पॉइंट जितके जास्त तितकी पुढच्या वर्षीची संधी वाढते. दहा-बारा वर्षे जमवलेले हे पॉइंट आजीवन परवान्याइतकेच मौल्यवान असतात, आणि राज्य सोडल्यामुळे ते आपोआप नष्ट होत नाहीत.

बदल होतो तो असा. तुम्ही आता अनिवासी अर्जदारांत मोजले जाता, आणि सोडतीतल्या टॅगांपैकी १० टक्क्यांहून अधिक टॅग अनिवाशांना मिळत नाहीत. दरही बदलतो : २०२४ साली एल्कचा टॅग रहिवाशाला १३५ डॉलरचा, तर अनिवाशाला ६५० डॉलरचा होता, आणि अर्जाचे शुल्क त्यावर वेगळे. आजीवन परवान्यामुळे यातले काहीही कमी होत नाही.

मग त्याचा उपयोग तरी काय? उपयोग असा, की ॲरिझोनात सोडतीचा अर्ज करतानाच अर्जदाराकडे वैध शिकार परवाना असावा लागतो, मग टॅग निघो वा न निघो. अनिवासी माणसाला त्यासाठी २०२४ च्या दराने दरवर्षी १६० डॉलरचा संयुक्त परवाना घ्यावा लागे. टॅगची वाट पाहत दहा वर्षे नुसते अर्ज करीत राहणाऱ्याचे केवळ परवान्यापोटी १,६०० डॉलर खर्च होतात. आजीवन परवानाधारकाला तेवढे पैसे वाचतात, आणि माझ्या मते ॲरिझोना सोडून गेलेल्या माणसाच्या परवान्याची खरी किंमत याच बचतीत आहे.

पॉइंट टिकवायचे असतील तर अर्जात खंड पडू देऊ नका. सलग पाच वर्षे अर्ज करणाऱ्याला त्या प्राण्यासाठी निष्ठेचा म्हणून एक जादा पॉइंट मिळतो. एक वर्ष जरी अर्ज चुकला तर तो जातो. आणि एखाद्या प्राण्यासाठी सलग पाच वर्षे अर्जच केला नाही, तर त्या प्राण्याचे जमवलेले पॉइंट संपुष्टात येतात. ज्या वर्षी शिकारीला जाणे शक्य नसेल त्या वर्षी केवळ पॉइंटसाठी अर्ज करण्याची सोय आहे, तिचा वापर करा. एल्कची सोडत वर्षाच्या सुरुवातीला आणि हरणांची उन्हाळ्यात असते. दोन्हींच्या मुदतीची आठवण फोनमध्ये कायमची लावून ठेवलेली बरी, कारण नव्या राज्यात गेल्यावर शेजारी-मित्रांच्या बोलण्यातून ती मिळायची बंद होते.

पाचवी पायरी : मधल्या काळाची तजवीज करा

जुने राज्य सोडले त्या दिवशी तुम्ही तिथले रहिवासी उरत नाही, पण नव्या राज्याचे रहिवासी लगेच होत नाही. न्यू यॉर्कमध्ये ३० दिवसांहून अधिक काळ कायमचे घर असणे पुरते. टेक्सस, ॲरिझोना आणि आयडाहोत सहा महिने लागतात. ऑगस्टमध्ये न्यू यॉर्कहून फीनिक्सला गेलेला माणूस त्या वर्षीच्या हिवाळी हंगामात दोन्हीकडे अनिवासी असतो. नव्या राज्यात त्याला पूर्ण अनिवासी शुल्क भरावे लागेल, आणि अशा वेळी जुना आजीवन परवाना हाच त्याच्याकडचा सर्वांत स्वस्त मार्ग असतो. स्थलांतराच्या वर्षी शिकारीचा बेत जुन्या राज्यातच ठेवा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

ॲरिझोनाच्या व्याख्येत आणखी एक अट आहे : रहिवासी म्हणवणाऱ्याने दुसऱ्या कोणत्याही राज्यात कोणत्याही कारणासाठी रहिवाशाच्या हक्काचा दावा केलेला नसावा. तुम्ही रहिवासी असताना रीतसर घेतलेला जुना आजीवन परवाना जवळ बाळगण्यात असा नवा दावा येत नाही. पण नव्या राज्यात रहिवासी झाल्यावर जुन्या राज्यात एखादा टॅग ‘रहिवासी’ या रकान्यावर खूण करून घेतलात, तर तो दावा होतो. काही राज्ये आजीवन परवानाधारकाला बाहेर गेल्यावरही काही टॅग रहिवाशाच्या दराने देतात. तिथेही स्वतःची नोंद अनिवासी म्हणूनच करावी आणि दर खात्याला लावू द्यावा.

रहिवासीपणाच्या पुराव्यासाठी चालक परवाना, घराचा भाडेकरार किंवा खरेदीखत, वीजबिल आणि आयकर विवरणपत्र वापरावे. अनेक अर्जांवर मतदार नोंदणीचाही पर्याय दिलेला असतो. जे अमेरिकेचे नागरिक नाहीत, मग त्यांच्याकडे ग्रीन कार्ड का असेना, त्यांनी त्या पर्यायाकडे वळूही नये. नागरिक नसताना मतदार म्हणून नोंदणी करणे हा गंभीर गुन्हा असून त्याने या देशातले वास्तव्यच धोक्यात येते.

दरवर्षीचे राहिलेले कागद

रानबदके किंवा हंसांची शिकार करायची असेल तर १६ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला संघीय डक स्टॅम्प लागतो. १९३४ पासून चालत आलेला हा स्टॅम्प २५ डॉलरचा असून तो १ जुलै ते ३० जून या वर्षापुरता असतो, आणि देशभर एकच चालतो. त्याच्या जोडीला स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीची नोंदणी प्रत्येक राज्यात वेगळी आणि दरवर्षी करावी लागते. नव्या आणि जुन्या अशा दोन्ही राज्यांत बदकांची शिकार करणाऱ्याने दोन्हीकडे ती करावी. आजीवन परवानाधारक ही नोंदणी सर्वाधिक विसरतात, कारण त्यांना दरवर्षी परवान्याच्या खिडकीवर जावेच लागत नाही.

शिकार जुन्या राज्यात आणि घर नव्या राज्यात असेल, तर मांस नेण्याचे नियम बघावे लागतात. हरणांमध्ये पसरणाऱ्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या मेंदूच्या रोगामुळे बहुतेक राज्यांनी बाहेरून हरणाचा मेंदू आणि पाठीचा कणा आणण्यावर निर्बंध घातले आहेत. मांस हाडांपासून सोडवून, बांधून, आणि शिंगे हवी असतील तर कवटीचा तेवढाच भाग पूर्ण स्वच्छ करून न्यावा. वाटेत लागणाऱ्या राज्यांचेही नियम लागू होतात, हे मोटारीने जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. बंदूक नेताना १९८६ च्या संघीय कायद्याने वाटेतल्या राज्यांतून सुरक्षित प्रवासाची हमी दिली आहे, पण त्यासाठी ती रिकामी, आणि चालकाच्या हाताशी येणार नाही अशी ठेवलेली असावी. गाडीला स्वतंत्र डिकी नसेल तर ती कुलूपबंद पेटीत असणे आवश्यक आहे.

व्हिसावर असलेल्यांसाठी

एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास मनाई आहे. या मनाईला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने रीतसर दिलेला वैध शिकार परवाना. म्हणजेच अशा माणसाच्या बाबतीत परवान्याची वैधता केवळ हंगामापुरती महत्त्वाची राहत नाही. घरातल्या बंदुकीची कायदेशीरता तिच्यावर उभी असते. राज्य बदलताना आपला आजीवन परवाना अनिवासी झाल्यावरही वैध राहतो याचे लेखी उत्तर हाती येईपर्यंत त्यांनी नव्या राज्यात कोणताही का होईना, एक वैध शिकार परवाना घेऊन ठेवावा, आणि बंदूक हलवण्यापूर्वी स्थलांतर कायद्याच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट मनाई लागू नाही.

अजून परवाना घेतला नसेल तर

पुढच्या पाच-सात वर्षांत राज्य बदलण्याची शक्यता असलेल्याने आजीवन परवाना घ्यावा का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. राज्य पहिल्या गटातले असेल आणि तिथे दरवर्षी परत येण्याचे कारण असेल, म्हणजे मुले तिथे स्थायिक असतील, जमीन असेल किंवा जिवाभावाची मंडळी असतील, तर घ्यावा. आणि घ्यायचा तर टॅगांसह सर्वांत व्यापक प्रकारचाच घ्यावा. राज्य दुसऱ्या गटातले असेल तर सोडतीच्या अर्जांचा वर मांडला तसा हिशेब करून पाहावा. नुसती हौस म्हणून, परत जाण्याची खात्री नसताना, एवढी रक्कम गुंतवू नये.

नातवंडांसाठी विचार करणाऱ्यांना नॉर्थ कॅरोलायनाचे नाव सुचवता येईल. तिथला बाळाचा आजीवन परवाना पहिल्या वाढदिवसापूर्वी घ्यावा लागतो आणि त्यासाठी बाळ त्या राज्याचे रहिवासी असण्याची अट नाही. आई-वडील उद्या कोणत्याही राज्यात गेले तरी तो वैध राहतो. बाळाचा जन्मदाखला हाती आला की अर्जाची तयारी करा; पहिले वर्ष बारशात आणि लसीकरणाच्या फेऱ्यांत भराभर निघून जाते, आणि वाढदिवस उलटल्यावर बाळासाठीचा दर पुन्हा मिळत नाही.